इंग्रजी शब्दांचे थर आणि साहित्यसंज्ञांची मुळे

इंग्रजीतील प्रगत शब्द आत्मसात करू पाहणारा मराठी विद्यार्थी बहुधा याद्यांपासून सुरुवात करतो आणि एकेका शब्दापुढे एकेक मराठी अर्थ लिहून पाठांतर करत जातो. परंतु इंग्रजीत एकाच अर्थाभोवती निरनिराळ्या काळी आलेले शब्द थरांनी साचलेले असल्यामुळे ही पद्धत लवकरच तोकडी पडते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर राजदरबारात आणि न्यायदानात फ्रेंच शब्द रुळले, प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन व ग्रीक शब्दांची भर घातली, आणि जुने अँग्लो-सॅक्सन शब्द प्रामुख्याने घरगुती व्यवहारात टिकून राहिले. 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' ही तिन्ही क्रियापदे विचारण्याचीच असली, तरी पहिले रोजच्या बोलण्यातले आहे, दुसऱ्यात शंका घेण्याची छटा आहे आणि तिसरे पोलीस चौकशीची आठवण करून देते. 'विचारणे', 'पृच्छा करणे' आणि 'जाब विचारणे' यांतला फरक ज्याला उपजत कळतो, त्या मराठी भाषकाला हे अवघड जाऊ नये. मात्र हा फरक यादीतून कळत नाही, वाक्यातूनच कळतो.

शब्दांची फोड करून शिकण्याचा मार्ग याद्यांच्या पाठांतराहून बरा. 'बेने' म्हणजे चांगले, 'मॅले' म्हणजे वाईट आणि 'व्होल' म्हणजे इच्छिणे हे लॅटिन घटक कळले की 'बेनेव्होलंट' म्हणजे हितचिंतक आणि 'मॅलेव्होलंट' म्हणजे वाईट चिंतणारा हे सांगावे लागत नाही. १९४९ साली प्रसिद्ध झालेले नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' याच तत्त्वावर उभे आहे. व्युत्पत्तीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही खरे. आज 'छान' या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या 'नाइस' या शब्दाचे लॅटिन मूळ 'अज्ञानी' या अर्थाचे आहे. शिवाय भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या अंदाजानुसार इंग्रजी कादंबरी शब्दकोशाच्या आधाराविना वाचण्यासाठी सुमारे ८ ते ९ हजार शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द व त्यापासून साधलेली रूपे, अवगत असावी लागतात आणि एवढा साठा वाचनाखेरीज जमत नाही.

साहित्यसंज्ञांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शाळेत उपमा, रूपक आणि चेतनगुणोक्ती शिकलेला विद्यार्थी 'मेटाफर' म्हणजे रूपक असे मानून पुढे जातो. पण संस्कृत अलंकारशास्त्रात रूपकासाठी उपमेय आणि उपमान दोन्ही उल्लेखून त्यांचे अभेदत्व दाखवावे लागते, आणि उपमेय गाळून नुसत्या उपमानानेच काम भागवले तर तो अतिशयोक्तीचा एक प्रकार ठरतो. चेहऱ्याला 'मुखचंद्र' म्हणणे हे रूपक, तर केवळ 'चंद्र' म्हणणे ही रूपकातिशयोक्ती. इंग्रजी 'मेटाफर'मध्ये या दोहोंचा समावेश होतो.

'हॅमार्शिया' या संज्ञेची तर अधिकच आबाळ झाली आहे. अॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये शोकनायकाच्या अधःपाताचे कारण सांगताना वापरलेला हा ग्रीक शब्द नेम चुकण्याशी निगडित आहे, तरीही परीक्षेच्या मार्गदर्शिकांत त्याचा अर्थ सर्रास 'स्वभावदोष' असा दिलेला आढळतो. सोफोक्लिसच्या नाटकातला ईडिपस वाटेवरच्या भांडणात एका वृद्धाला ठार मारतो, तेव्हा तो आपला पिता आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याचा राग डोळ्यांआड करता येत नाही, पण अनर्थ ओढवतो तो अज्ञानातून. पुढे कोरिंथहून आलेला दूत ईडिपसला दिलासा द्यायला म्हणून त्याच्या जन्माची हकिकत सांगतो आणि त्यातूनच सत्य बाहेर पडते. हेतूच्या नेमके उलट घडणाऱ्या या कलाटणीला 'पेरिपेटिया' आणि अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या संक्रमणाला 'अॅनाग्नोरिसिस' म्हणतात. या नाटकात दोन्ही एकाच वेळी घडतात, म्हणूनच अॅरिस्टॉटलने ते आदर्श मानले. प्रेक्षकाला मात्र हे सारे आधीच ठाऊक असते, आणि पात्राला न कळलेले प्रेक्षकाला कळलेले असण्यातून जो ताण निर्माण होतो त्याला 'ड्रॅमॅटिक आयरनी' हे नाव आहे. एका नाटकात चार संज्ञा अशा जिवंत भेटतात.

हे नाटक मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस' या रूपात उपलब्ध आहे. साहित्यसंज्ञांचा कोश हाती घेण्याआधी विद्यार्थ्याने ते एकदा संपूर्ण वाचावे आणि मगच इंग्रजी व्याख्यांकडे वळावे.