सर्फबोर्डच्या फायबरग्लास फिनची घडण

सागरकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अमरावती-अकोल्यात सर्फबोर्डचा विषय अनाठायी वाटण्याचा संभव आहे. तथापि कूलरची फायबर पेटी ज्या द्रव्याची घडते, त्याचाच फिनही बनतो. टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये फळीच्या तळाशी फिन बसविला आणि तिचे आडवे घसरणे आटोक्यात आले.

घरगुती पद्धतीत काचतंतूंच्या विणलेल्या कापडाचे थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून, रोलरने हवेचे बुडबुडे काढीत, सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीचा तक्ता तयार करतात. मग आकार कापून पुढील कड गोलसर व मागील कड पातळ घासतात. ताण तंतू सोसतात, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते. म्हणून पुरेसे तंतू फिनच्या उंचीच्या दिशेने असणे अगत्याचे, अन्यथा तो बुडाशी मोडतो.

वऱ्हाडी उन्हाळ्यात खरी अडचण तापमानाची. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते. ४५ अंशांच्या दुपारी ते भांड्यातच जमते आणि जाड तक्त्यास तडे जातात. यास्तव काम पहाटे, एका वेळी मोजकेच थर देऊन करावे. कोबाल्ट प्रवेगक व पेरॉक्साइड हार्डनर मात्र कधीही थेट एकत्र करू नयेत. स्फोटाचा धोका असतो. महाविद्यालयीन कार्यशाळेत ही दक्षता विद्यार्थ्यांवर न सोपविता शिक्षकानेच घ्यावी. काचधूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी हवीच; पाणी लावून घासणे अधिक बरे.