घरच्या संगणकाची चावी कुणाकडे?

लॅपटॉपला पासवर्ड आहे, म्हणजे आतली कागदपत्रं सुरक्षित आहेत, असं बहुतेक घरांत धरून चाललेलं असतं. ही समजूत चुकीची आहे. सुरुवातीला विचारला जाणारा पासवर्ड विंडोज विचारतं. विंडोजच चालू नसेल तर विचारणारं कुणी उरत नाही. बहुतेक लॅपटॉपची मागची झाकणी काढून डिस्क बाहेर घेता येते, आणि काही शे रुपयांच्या केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली की ती पेन ड्राइव्हसारखी उघडते. पॅन कार्डाची प्रत, खरेदीखताची पीडीएफ, आईचे वैद्यकीय रिपोर्ट, मुलांचे फोटो, सगळं समोर येतं. यासाठी हॅकर लागत नाही. बंद पडलेल्या लॅपटॉपमधला डेटा दुरुस्तीवाला आपल्याला काढून देतो तो याच वाटेने. मागची भिंतच नसलेल्या घराच्या पुढच्या दारावर रखवालदार बसवावा, तसा हा पासवर्ड आहे. म्हणून घरच्या प्रत्येक संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी चावीची सोय झाली पाहिजे.

डिस्क दुसऱ्याच्या हाती पडायला चोरीच व्हावी लागत नाही. जुना संगणक आपण विकतो, भंगारात देतो, गावी भाच्याला पाठवतो. अमेरिकेत एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्यांतल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक, खासगी ईमेल आणि आजारपणाची माहिती सापडली. फाइल डिलीट केली किंवा डिस्क घाईने फॉरमॅट केली की बहुधा फक्त यादीतली नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. आजच्या एसएसडीमध्ये तर वरून दुसरं काही लिहिलं तरी जुनी प्रत एखाद्या कोपऱ्यात उरू शकते. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर ही कटकटच राहत नाही. चावी नष्ट केली की उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग.

हे संरक्षण कितपत भक्कम, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकी सरकारने १९७७ मध्ये मान्य केलेल्या डीईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची चावी ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि एकेक चावी लावून पाहत ५६ तासांत ती शोधून काढली. डीईएसच्या जागी नवी पद्धत निवडण्यासाठी खुली स्पर्धा त्याआधीच सुरू झाली होती. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धत निवडली गेली आणि २००१ मध्ये एईएस या नावाने तीच मानक ठरली; डिस्कच्या एन्क्रिप्शनलाही आज बहुधा तीच वापरतात. तिची चावी किमान १२८ बिटांची असते आणि प्रत्येक बिटागणिक शक्यता दुप्पट होतात. त्यामुळे १२८ बिटांच्या शक्य चाव्यांची संख्या ३९ आकडी होते. एकेक चावी लावून पाहण्याचा मार्ग इथे बंद होतो. पद्धत मात्र जगजाहीर आहे, कुणीही वाचावी. गुपित फक्त चावीत आहे, आणि फटही तिथेच पडते. ई-आधारच्या पीडीएफचंच पाहा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष हा तिचा पासवर्ड. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला फार तर शंभर वर्षं ताडून पाहायची असतात. वय साधारण माहीत असेल तर दहा-पंधरा.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हा आक्षेप नेहमीचा. पण आपल्या संगणकावर फक्त आपलंच काही नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे सभासदांची आधार कार्डं आणि भाडेकरार असतात, करसल्लागाराकडे अशिलांचे हिशेब. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क गेली आणि त्यांच्याबरोबर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची एन्क्रिप्ट न केलेली माहितीही. पुढे दोन्ही वस्तू सापडल्या, तरी २००९ मध्ये खात्याला दोन कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली. संगणक मंद होईल ही भीती आता जुनी झाली. २०१० पासून एईएससाठी खास सूचना प्रोसेसरमध्येच येऊ लागल्या.

एन्क्रिप्शनकडून भलती अपेक्षाही नको. संगणक चालू आणि उघडा असताना फाइली आपल्याला दिसतात तशा आत शिरलेल्या व्हायरसलाही दिसतात. खंडणीखोर रॅन्समवेअर, ओटीपीची फसवणूक यांना डिस्कचं एन्क्रिप्शन अडवत नाही.

गंभीर आक्षेप एकच आहे: चावी हरवली तर? तर फाइली गेल्या. कंपनीला फोन करून, दुकानात नेऊन त्या परत येत नाहीत, आणि आयुष्यभराचे फोटो चोराच्या हाती लागण्यापेक्षा असे कायमचे जाणं एखाद्या कुटुंबाला जास्त जिव्हारी लागेल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण एन्क्रिप्शन चालू न करणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण पुष्कळ नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. चावी मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. मदरबोर्ड बदलला, कधी बायोस अपडेट झालं, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि तेव्हा घरात कुणालाच ती ठाऊक नसते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल, तर ती त्या खात्यात पडून असते. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आजच पाहावं. मॅकवर याच सोयीला ‘फाइलव्हॉल्ट’ म्हणतात. रिकव्हरी की छापून विमा पॉलिसी आणि इच्छापत्राच्या फायलीत ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नको, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगावं. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच. तीही एन्क्रिप्ट करावी. ‘व्हेराक्रिप्ट’ त्यासाठी फुकट मिळतं. त्या डिस्कचा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा असावा, तोंडपाठ अभंगाची ओळ नको, आणि तोही त्याच फायलीत लिहून ठेवावा.