रोल भरण्याआधी

"मामा, मला रोलचा कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?"

गेल्या पावसाळ्यात धारवाडहून भाचीचा फोन आला. पोरगी हुबळीला नोकरी करते. हातात चांगला महागातला मोबाइल आहे, त्यात फोटोंचे ढीग साठलेत. तरी हिला छत्तीस फोटोंचा रोल कशाला हवा, असं तिच्या आईला वाटतं. मला तसं वाटलं नाही. छत्तीसच फोटो आहेत म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधी बघायला लागतो, एवढं कारण मला पुरतं.

पण मी तिला आधी सांगितलं, की इतक्यात काहीच घेऊ नकोस. अगोदर घरातली ट्रंक उघड.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत, मग घर मराठी असो की कन्नड, माळ्यावर एखादा कॅमेरा पडलेला असतोच. आजोबांचा आग्फा क्लिक थ्री असेल. त्याला जाडा 120 चा रोल लागतो आणि त्यात बारा चौकोनी फोटो येतात. हा रोल आजही मिळतो, त्यामुळे तो कॅमेरा बाद समजू नका. नव्वदच्या दशकातला असेल तर हॉट शॉट, यशिका एमएफ-2 किंवा कोडॅक केबी-10 निघेल. त्यांत साधा 35 एमएमचा रोल बसतो. फोकस करायचा नाही, रोल भरायचा आणि खटका दाबायचा. भर उन्हात, सात-आठ फुटांवरच्या माणसांचे फोटो यांत झकास येतात. हौस खरी आहे की चार दिवसांची, हे कळायला एक-दोन रोल याच कॅमेऱ्यात काढावेत. खर्च फक्त रोलचा आणि तो धुण्याचा, आणि तोही आता काही कमी नाही.

मात्र शिकायचंच असेल तर माझं मत ठाम आहे. ज्यात ॲपर्चर, शटर आणि फोकस तिन्ही आपल्या हातानं लावावे लागतात, असा एसएलआर घ्यावा आणि त्याला 50 एमएमची लेन्स असावी. झूमच्या मागे लागू नये. पेंटॅक्सचा के-1000 हा 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षं निघत होता, तो याच कारणासाठी. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं. बटणासारखा छोटा सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. त्या काट्याला बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर झाकण घालायचं, नाहीतर सेल उतरतो. निकॉनचा एफएम-2 अधिक दणकट आहे, पण किंमतही तशीच. नवा कोरा हवा असेल तर 2024 मध्ये पेंटॅक्सनं '17' नावाचा कॅमेरा आणला, त्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर अर्धे फोटो बसतात. चांगला आहे, पण पहिल्या कॅमेऱ्यासाठी एवढे पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

जुना घेताना आपल्या भागात एक गोष्ट विशेष बघावी लागते, ती म्हणजे बुरशी. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस लेन्सला सोसत नाही. लेन्स काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. मग मागचं दार उघडून एक-एक शटर स्पीड दाबून ऐका. एक सेकंदाचं शटर आणि पाचशेचं शटर कानाला सारखंच लागत असेल, तर आत काहीतरी अडकलंय. दाराच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल, तर तो बदलावा लागेल, नाहीतर उजेड आत शिरून फोटोवर लाल-पिवळे पट्टे उठतात. हे काम किरकोळ आहे, तेवढ्यासाठी कॅमेरा नाकारू नये. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात अशा कॅमेऱ्यांची माहिती असणारी माणसं भेटतात. आणि घरी आणल्यावर तो चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

एवढं सगळं सांगून झालं, तरी मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच होती. ती भाचीला मी आजवर कधी सांगितलेली नव्हती.

2001 साली तिचं बारसं झालं, धारवाडला. बहिणीची सासू, म्हणजे भाचीच्या अज्जी, तेव्हा खूप थकल्या होत्या. तरी इळकल नेसून, नातीला मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसल्या. मी दुबईहून आणवलेला के-1000 मिरवत होतो. स्टुडिओवाला बोलावू नका, मामाच फोटो काढतील, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. अज्जींचे सहा-सात फोटो काढले. मला मराठीतून विचारायच्या, "आला का रे नीट?" आणि नातीशी कन्नडमधून बोलायच्या. आकडा छत्तीसवर गेला, मग सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. मी खूश, रोलमध्ये तीन फोटो जास्तीचे निघाले म्हणून!

रोल धुऊन आला तो कोरा. काच पुसावी तसा स्वच्छ. फिल्मचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं. अख्खा दिवस मी रिकामं शटर दाबत होतो. स्टुडिओवाल्यानं काही न बोलता पैसे परत केले, ते जास्त लागलं. पुन्हा धारवाडला जाऊन फोटो काढीन म्हणालो. दिवाळीआधीच अज्जी गेल्या. नातीला मांडीवर घेतलेला त्यांचा एकही फोटो नाही. बहिणीनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

म्हणून रोल भरताना एवढं करा. फिल्मचं टोक चक्रीच्या खाचेत घाला, दार उघडं असतानाच एकदा लिव्हर ओढा आणि दोन्ही बाजूंचे दाते फिल्मच्या भोकांत बसलेत का बघा. दार लावा. डाव्या बाजूची रोल गुंडाळायची खुंटी हलकेच उलटी फिरवून ढील काढा. आता लिव्हर ओढल्यावर ती खुंटी आपोआप फिरली पाहिजे. फिरली नाही, तर दार उघडून पुन्हा भरा, दोन इंच फिल्म वाया गेली तरी चालेल. आणि आकडा एकोणचाळीसवर गेला तर खूश होऊ नका.

पहिल्या रोलवर लग्न, मुंज, बारसं काढायला जाऊ नये, हेही ओघानं आलंच. पहिला रोल उन्हातला असावा. कोडॅक गोल्ड किंवा कलरप्लस, दोन्ही 200 चे. ट्रंकेत सापडलेला, मुदत संपलेला रोल शिकायला वापरू नका, फोटो बिघडला तर चूक आपली की रोलची हे कळणार नाही. रणरणत्या उन्हात ॲपर्चर 16 वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आकड्याच्या जवळचं, म्हणजे 200 ला 1/250. ढग आले की ॲपर्चर 8, भरून आलं की 5.6. हा हिशोब आधी तोंडपाठ करावा आणि मग कॅमेऱ्यातला काटा तपासून बघावा. जुन्या कॅमेऱ्याचा काटा खोटंही बोलतो.

किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलात, तर बाहेरच्या भिंती या हिशोबात बसतील. आतल्या छतावरचं दगडी कमळ मात्र 200 च्या रोलवर अवघड. तिथं 400 चा रोल हवा आणि पाठ खांबाला टेकवून, श्वास धरून फोटो काढायला हवा, कारण शटर 1/30 वर आलं की हाताची थरथर फोटोत उतरते. पूर्वी स्टुडिओवाले मराठी घराला "हलू नका" आणि कन्नड घराला "अलगाडब्याड्री" म्हणून दटावायचे, ते उगीच नव्हतं.

रंगीत रोल मुंबई-बेंगळुरूच्या लॅबकडे कुरिअरनं पाठवता येतो. फोटो मोबाइलवर येतात, पण निगेटिव्ह परत हवी असं चिठ्ठीत स्पष्ट लिहा. मागितली नाही, तर काही ठिकाणी ती टाकून देतात, आणि खरा ऐवज तीच असते. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरच्या न्हाणीघरातही धुता येतो. रसायन वीस डिग्रीवर राखायचं असतं. आपल्याकडे थंडीत त्याचा त्रास नाही, एप्रिलमध्ये बर्फ लागतो.

हे सगळं ऐकून घेतल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, तो कॅमेरा अजून आहे तुझ्याकडे?"

होता. फोम बदलून घेतला, नवा सेल घातला आणि दसऱ्याला तिच्या हाती दिला. पहिल्या रोलमधले अकरा फोटो बरे आले, बाकीचे अंधारलेले किंवा हललेले. आता दुसरा रोल चालू आहे. त्यात तिला तिच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे फोटो काढायचेत. रविवारी सकाळी पुन्हा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून लिव्हर ओढल्याचा आवाज.

"मामा, खुंटी फिरतेय."