बाळाची लस आणि आईची साखर

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना म्हणजे बाळंतिणीचे राज्य! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सारे तिच्यासाठी. सव्वा महिना सरला, की तिची चौकशी संपते; उरते ती फक्त बाळाची. नेमकी त्याच सुमारास काही जणींना स्वतःची एक तपासणी करून घ्यायची असते, आणि तीच हमखास राहून जाते.

गरोदरपणात ज्यांना ‘साखर निघाली’ त्यांच्याबद्दल मी बोलते आहे. बाळंतपणानंतर ही साखर बहुधा उतरते. घरची मंडळी म्हणतात, "सुटलो एकदाचे!" पण अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो, असे २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका एकत्रित अभ्यासात दिसले.

म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. सकाळी उपाशीपोटी जायचे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. निकाल चांगला आला तरी ठराविक काळाने तपासत राहायचे.

पण पंचविशीतली पोर म्हणते, "मला काय धाड भरलीय? आणि वेळ कुठाय?" तिचेही खरेच आहे हो! तिथे नुसता उपदेश कामाचा नाही, सोय करून द्यायला हवी. बाळाची पेंटाव्हॅलंट लस सहाव्या आठवड्यातच असते. आशाताईंची घरभेटही ४२ व्या दिवशी असते. मग लसीच्याच दिवशी आईचीही तपासणी होईल का, हे दवाखान्यात आधी विचारून ठेवावे. बाळ सांभाळायला सासूबाई किंवा नणंद बरोबर गेली, की दोन तास कसे जातात कळतही नाही.

मधुमेह टाळता येतो बरं का! मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, तर तो होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक घटते, हे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासाने दाखवले. बाळाला अंगावर पाजणे आईच्याही फायद्याचे. लाडू मोजून, ताटात उसळ-कोशिंबीर अधिक आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर रोज अर्धा तास चालणे, एवढे घरच्या घरी जमते.

तेव्हा बाळंतिणीला भेटायला जाताना झबले-टोपडे न्याच, पण गरोदरपणी तिला साखर निघाली असेल, तर "तुझी तपासणी कधी गं? बाळाला मी घेते," एवढेही जरूर म्हणा.