मेंदूतील मूक व्याधी

साठी उलटलेले एक गृहस्थ घरात पाय घसरून पडतात. डोक्याला मार लागला म्हणून मुलगा त्यांच्या मेंदूचे चित्र काढवून आणतो. मार किरकोळच ठरतो. परंतु अहवालाच्या अखेरीस एक ओळ असते. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना जुनी इजा झालेली आहे, असे तीत म्हटलेले असते. गृहस्थ चकित होतात. आपला हात कधी लुळा पडला नाही, वाचा कधी गेली नाही. मग ही इजा झाली तरी केव्हा? श्रोतेहो, असा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो. त्याचेच उत्तर आपण शोधू या.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच घेतो. हा प्राणवायू रक्तातून येतो. कालव्याचे पाणी लहान चाऱ्यांतून शेतोशेत पोहोचते, तसे मोठ्या धमन्यांतील रक्त केसासारख्या बारीक शाखांतून मेंदूच्या अंतर्भागात पोहोचते. यांतल्या पुष्कळ शाखा मोठ्या धमनीतून थेट निघतात. त्यामुळे रक्ताचा दाब त्यांना फारसा कमी न होता सोसावा लागतो. शिवाय त्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. एक चारी बुजली, तर शेजारची चारी त्या शेताला पाणी देऊ शकत नाही.

वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला, की या वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा कण मरतो आणि तेथे लहानशी पोकळी उरते. फ्रेंच वैद्य द्युरां-फार्देल यांनी १८४३ साली अशा पोकळ्यांचे वर्णन केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात मिलर फिशर यांनी मृतांच्या मेंदूंचे काप बारकाईने तपासून या पोकळ्यांचा उच्च रक्तदाबाशी असलेला संबंध स्पष्ट केला. मात्र जिवंत माणसाच्या मेंदूतील हे बदल सहजपणे दिसू लागले, ते क्षकिरणांच्या संगणकीय चित्रणानंतर आणि विशेषतः एम.आर.आय. आल्यानंतर.

मग ही इजा मूक का राहते? मेलेला कण हात हलविणाऱ्या मार्गावर असेल, तर हात लुळा पडतो; तो त्या मार्गाबाहेर असेल, तर काहीच कळत नाही. परंतु न कळणे म्हणजे नुकसान न होणे नव्हे. मेंदूचे निरनिराळे भाग ज्या तंतूंनी जोडलेले असतात, ते तंतू अशा इजांनी विरळ होत जातात. विचार मंदावतो, हिशेबाला वेळ लागतो, दोन कामे एकदम जमेनाशी होतात. पावले आखूड पडतात, उत्साह मावळतो. घरचे लोक म्हणतात, "वय झाले." आणि तेथेच विषय संपतो. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे साठीपुढील सुमारे हजार लोकांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला, तो असा, की ज्यांच्या मेंदूत अशा मूक इजा आढळल्या, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता.

हे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. उतारवयात असे थोडेफार बदल अनेकांत आढळतात, आणि प्रत्येकालाच स्मृतिभ्रंश होतो असे नाही. पडलेली पोकळी भरून काढणारे औषध आज नाही. पण पुढची पोकळी पडू न देणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

त्यातला पहिला उपाय रक्तदाबाचा. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवण्याऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न ज्यांच्या बाबतीत झाला, त्यांच्या मेंदूतील इजेची वाढ तुलनेने कमी झाली. मात्र मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले लोक या प्रयोगात नव्हते. शिवाय उभे राहताच ज्या वृद्धाला भोवळ येते, त्याचा दाब फार उतरविणे घातक ठरू शकते. म्हणून आपला आकडा आपल्या डॉक्टरांनीच ठरवावा. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू घेऊ नये.

सर्वांत मोठी चूक होते ती बरे वाटू लागल्यावर. "आता काही त्रास नाही," असे म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. ज्या व्याधीत त्रास जाणवतच नाही, तिच्यात त्रास नसणे हा गोळी सोडण्याचा पुरावा कसा होईल? दुसरी चूक याच्या उलट. अहवाल वाचून काहीजण रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने सुरू करतात. या वाहिन्यांतून कधीकधी रक्त झिरपतेही. अशा वेळी ती गोळी अपायकारक होऊ शकते.

बाकीचे उपाय साधे आहेत. मीठ दिवसाकाठी एका चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून, कमी असावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरावे. तंबाखू, बिडी, मिसरी यांना कायमचा निरोप द्यावा. मधुमेह ताब्यात ठेवावा, रोज चालावे, झोप पुरेशी घ्यावी.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. त्या काळी दाब उतरविणारी औषधे मोजकीच होती. आज ती पुष्कळ आहेत, आणि त्यांतली कित्येक स्वस्तही आहेत. उणीव आहे ती नियमितपणाची. तक्रार न करणाऱ्या अवयवाचीही रोज आठवण ठेवणे, हाच या मूक व्याधीवरचा खरा उपाय होय.