तीन घरांची दादर

पहाटे 5.30. शिंदखेडा स्टेशनाबाहेर चहा. झोळीत कापडी थैल्या, सुतळी, शिसपेन्सिली. पेन घेत नाही. एकदा घामाने शाई पुसली आणि अकरा नमुने बेवारस झाले. तेव्हापासून एक चिठ्ठी थैलीत, एक बाहेर.

7.00. मुडावदकडे, जिथे पांझरा तापीला मिळते. काळ्या रानात दादर कापणीला आली आहे. खानदेशची ही रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवरच पिकते. सर्वांत भरलेलं कणीस तोडायचा मोह होतो. बियाण्यासाठी शेतकरी तेच निवडतो, पण मला वावरात जे जे आहे ते सगळं हवं. म्हणून आडवंतिडवं चालत पन्नासेक ताटांची कणसं घेतो, बुटक्यांचीही. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागावर धरते, तरी शेजारच्या वावरातलं थोडं मिसळतंच.

9.30. ओट्यावर कळण्याची भाकरी आणि ठेचा. "हाई बी घरनंच शे, भाऊ. सासूनी देयेल," आक्का सांगतात. 'स्रोत' या रकान्यात मी हेच शब्द लिहितो. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने घरचं बी राखायचा, देण्याघेण्याचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क शेतकऱ्याला आहे. आक्कांना तो कायद्याआधीपासूनच ठाऊक आहे.

12.00. तीन घरं झाली. तिन्ही थैल्यांवर नाव 'दादर'च. पण एकीत दाणा टपोरा पांढरा, दुसरीत पिवळसर, तिसरीत बारीक. वाणं तीन, की एकाच बियाची तीन रानं? डोळ्यांना कळत नाही.

3.30. धुळे, प्रयोगशाळा. वाळक्या पानातून चांगला डीएनए निघणं अवघड, म्हणून बी ओल्या कागदावर रुजत घालतो. गेल्या खेपेचे कोंब मात्र तयार आहेत. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनात ते काचेसारखे ठिसूळ होतात, खलात क्षणात पीठ. मग डीएनए वेगळा करून त्यातली पुन्हा पुन्हा येणारी छोटी अक्षरं पाहायची. वाणागणिक ती कमीजास्त वेळा येतात आणि जेलवर पट्ट्या वरखाली सरकतात. 2009 मध्ये ज्वारीचा अख्खा जीनोम वाचला गेला, तेव्हापासून अशा जागा शोधणं सोपं झालं. कधी दोन गावांची दोन नावं एकच निघतात, कधी एका नावाखाली दोघी नांदत असतात.

6.00. बी वाळवणं, उन्हात नव्हे, थंड कोरड्या खोलीत. ओलावा एका टक्क्याने घटला की बियाचं आयुष्य दुप्पट, हा आमचा ठोकताळा. पुढे हवाबंद पाकिटं दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत, उणे 18 अंशांत. तिथे बी झोपतं. लांबलेल्या पावसाशी जुळवून घ्यायचं काम मात्र वावरातल्या दादरीलाच करावं लागतं. म्हणून दर घरी मूठभरच मागतो.

8.00. आक्कांचा फोन. शेजारणींची दादर मी नेल्याचं कळलंय.

"मंग खरी दादर कोनी?"

पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटलं. तेव्हा पट्ट्या सारख्या की वेगळ्या, तेवढं कळेल. खरी कोणाची, हा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.