भक्षक कीटकांची रसद

पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाली असली, तरी ज्या पावसाळ्यात मूर्तींवर रंगाचा अखेरचा हात फिरत असतो, त्याच पावसाळ्यात भोवतालच्या भातखाचरांत चतुर, टाचण्या, ढालकिडे आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे हिरवे मिरीड ढेकूण आपले पहाऱ्याचे काम अखंड करीत असतात. या पहारेकऱ्यांच्या उदरनिर्वाहाची तजवीज काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी होत. ढालकिड्यांचे थोर अभ्यासक इव्हो होडेक यांनी, ज्यावर अळी पूर्ण वाढते व मादी अंडी घालते ते आवश्यक अन्न आणि ज्यावर केवळ प्राण तगतो ते पर्यायी अन्न, असा भेद केला. रुईवरचा पिवळा मावा त्या झाडाच्या चिकातील विषद्रव्ये अंगी साठवतो. म्हणून तो मुबलक असूनही काही जातींच्या ढालकिड्यांच्या अळ्या त्यावर खुरटतात वा मरतात. शिवाय कोषातून बाहेर पडलेला कीटक पुन्हा वाढत नसल्यामुळे, अळीपणी झालेली उपासमार त्याच्या लहान देहात, आणि मादी असल्यास तिच्या अंड्यांच्या तुटपुंज्या संख्येतही, कायम राहते.

क्रायसोपर्ला या भक्षक कीटकाची अळी भिंगाखाली पाहावी. कोयत्यासारखे पोकळ जबडे ती माव्याच्या देहात खुपसते, त्यांतून पाचक रस आत सोडते आणि विरघळलेले सत्त्व शोषून घेते. भक्ष्य संपले की ती आपल्या भावंडांवरही उलटते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर पोसताना प्रत्येक अळीला स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो. तिचेच प्रौढ रूप मात्र पराग, मधुरस आणि माव्याच्या गोड स्रावावर जगते. बांधावर फूल नसेल तर तिची वंशवृद्धी खुंटते.

भातखाचरांतील असे भक्षक वाचावेत म्हणून इंडोनेशियाने 1986 साली भातावरील 57 कीटकनाशकांना बंदी केली. पुढे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या जावा बेटावरील संशोधनाने दाखविले, की लावणीनंतर कीड येण्यापूर्वी भक्षकांची गुजराण कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर वाढणाऱ्या चिलटांवर व सूक्ष्म कीटकांवर होते, आणि खाचरात सेंद्रिय खत घातले असता भक्षकही वाढतात. जोह्याच्या शेतकऱ्याने लावणीपूर्वी शेणखत घालावे, बांधावर तीळ फुलू द्यावा आणि हंगामाच्या आरंभी, कीड दिसलेली नसताना, फवारणीचा पंप उचलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण त्या पहिल्या फवाऱ्याने पहारेकरी तर मरतातच, पण पुढच्या पहाऱ्याची रसदही तुटते आणि तपकिरी तुडतुड्यांना मोकळे रान मिळते.